शोनेन अ‍ॅनिमे

जपानी भाषेत ‘शोनेन’ म्हणजे मुलगा, किशोर. किशोरांच्या नियतकालिकांत क्रमशः छापल्या जाणाऱ्या मांगा चित्रकथांवर बेतलेल्या अ‍ॅनिमेशन मालिकांना शोनेन अ‍ॅनिमे म्हणतात. हा शब्द वाचक कोण ते सांगतो, कथा कशाची ते नाही. म्हणून बास्केटबॉलवरची ‘स्लॅम डंक’ही यात बसते आणि मृत्यूच्या वहीची ‘डेथ नोट’ही.

1968 मध्ये निघालेल्या ‘शोनेन जंप’ या नियतकालिकाची त्रिसूत्री प्रसिद्ध आहे: मैत्री, प्रयत्न, विजय. ती इमानेइतबारे पाळूनही कितीतरी मालिका विसरल्या गेल्या. ज्या टिकल्या, त्यांत विजय फुकट मिळत नाही.

याचे सर्वांत चोख उदाहरण मात्र ‘जंप’बाहेरचे आहे. होक्काइदोतल्या दुग्धव्यावसायिक शेतकऱ्याची मुलगी हिरोमु आराकावा हिने ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ 2001 ते 2010 या काळात ‘शोनेन गांगान’ मासिकात लिहिली-रेखाटली. एडवर्ड आणि अल्फॉन्स हे भाऊ मेलेल्या आईला किमयेने परत आणू पाहतात. थोरल्याचा पाय जातो, धाकट्याचे अख्खे शरीर. भावाचा आत्मा निदान चिलखतात तरी राहावा म्हणून थोरला आपला हातही देऊन टाकतो. जितके घ्यायचे तितक्या मोलाचे द्यायचे, हा इथला कायदा, आणि लेखिका तो शेवटपर्यंत मोडत नाही. भावाचे शरीर सोडवण्यासाठी एडवर्ड अखेर किमयेची विद्याच गमावतो. ‘ड्रॅगन बॉल’चा गोकू लढाईगणिक बलाढ्य होत जातो, हा नायक मात्र शेवटी साधा माणूस होतो.

टिकण्याची दुसरी कसोटी वेळापत्रकाची. दर आठवड्याला भाग दाखवायचा तर अ‍ॅनिमे मांगाला गाठते आणि मग भरताड सुरू होते. ‘ड्रॅगन बॉल झेड’मध्ये नामेक ग्रहाच्या स्फोटाला पाच मिनिटे उरलेली असतात, ती अनेक भाग पुरतात! ‘नारुतो’च्या पहिल्या 220 भागांपैकी अखेरचे 80 हून अधिक बहुतांशी मांगाबाहेरचे आहेत.

‘फुलमेटल’च्या वाट्याला भरताडाऐवजी दोन वेगळे मार्ग आले. बोन्स स्टुडिओची 2003 ची 51 भागांची मालिका मांगा अपुरी असताना निघाली आणि तिने स्वतःचा वेगळा शेवट रचला. त्याच स्टुडिओच्या 2009 च्या ‘ब्रदरहूड’ने मूळ कथा 64 भागांत पुरी केली. मांगाचे शेवटचे प्रकरण जून 2010 मध्ये छापून आले, मालिकेचा शेवटचा भाग जुलैत दाखवला गेला. दोहोंत सरस कोणती, हा वाद चाहत्यांत अजून रंगतो.

‘वन पीस’ मात्र 1999 पासून पडद्यावर आहे. तिच्या भागांनी हजारी केव्हाच ओलांडली. नायक लुफीच्या हाती तो शोधत असलेला खजिना अजून लागलेला नाही.