ई-क्लास

वऱ्हाडातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला 'गायरान कुठं आहे हो?' असं विचारलं तर तो क्षणभर थांबेल. 'ई-क्लास कुठं आहे?' असं विचारा, लगेच हात करून दिशा दाखवेल. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्या तोंडीही हे इंग्रजी अक्षर अगदी घरचं झालेलं आहे. गावची जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारं हे अक्षर आपल्याकडे आलं कसं, आणि त्याने गावाचं काय केलं, याचा हा थोडा मागोवा.

तसं पाहिलं तर गावाची जमीन लिखापढी करून देण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीने इथूनच एक गाव दान दिलं, त्याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमलाच सापडला. पण शेताशेताला नंबर देऊन, बांधाबांधाची मोजणी करून लिहिण्याचं काम इंग्रजांचं. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार त्यांच्याकडे सोपवला आणि १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथे मोजणी सुरू झाली. वाशीम पुढे काही काळ स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अकोल्यात गेला आणि थेट १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला.

या मोजणीआधी गावात नियोजन नव्हतं असं मात्र नाही बरं का. पांढरीत घरं, काळीत पिकं. गावाबाहेर आखर, तिथे सकाळी ढोरं जमायची आणि ढोरकी ती चरायला न्यायचा. मसणवटा वेगळा, पाणवठा वेगळा. नकाशा नव्हता, पण कुठे काय करायचं नाही हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. चराईची जागा म्हणजे सगळ्या गावाने ठरवून मोकळी ठेवलेली जागा.

मोजणीने हे सगळं कागदावर आणलं. चराईच्या जमिनीला वर्ग मिळाला, नंबर मिळाला, हद्दीचे दगड मिळाले. त्यामुळे ती वाचली हे खरंच. पण त्याच कागदावर मालक म्हणून सरकार लागलं आणि गावाकडे उरला तो फक्त वापर. स्वातंत्र्यानंतर १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला, त्यातही मांडणी हीच राहिली. कलम २२ प्रमाणे चराईसाठी, गावाच्या गरजांसाठी जमीन राखून ठेवायची ती जिल्हाधिकाऱ्यांनी. आता गंमत बघा. ज्या कागदाने गायरान जपलं, त्याच कागदाने ते गावाच्या हातातून काढूनही घेतलं!

याचा अर्थ काय होतो ते घोडबाभूळने दाखवलं. वाशीम तालुक्यातल्या या गावची सुमारे ३७ एकर गायरान जमीन एका खाजगी व्यक्तीच्या ताब्यात नियमित करून देण्याचा आदेश १७ जून २०२२ रोजी मुंबईत, तेव्हाच्या महसूल राज्यमंत्र्यांच्या पातळीवर निघाला. त्याविरुद्ध याचिका झाली. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रथमदर्शनी प्रतिकूल मत नोंदवून नोटिसा काढल्या. नागपूरचं हिवाळी अधिवेशन चालू होतं, तिथेही गदारोळ झाला. दोष कुणाचा हे ठरवणं माझं काम नाही. मला खटकतं ते अंतर. ढोरं चरायची वाशीम तालुक्यात आणि ती तिथे चरावीत की नाही याचा कागद सही होणार मंत्रालयात.

पण थांबा, गोष्ट एवढी सरळ नाही. 'गायरानावरची सगळी अतिक्रमणं हटवा' असं म्हणणं सोपं आहे. ज्याला काळीत एक गुंठाही कधी मिळाला नाही, त्याने जायचं कुठे? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, त्यात पडीक जमीन कसणाऱ्याला द्या ही मागणी होती. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. तारीख कोणती निवडली हे वेगळं सांगायला नको.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असं बजावलं, आणि १२ जुलै २०११ ला महाराष्ट्राने त्याला धरून शासन निर्णय काढला. पण हा निकाल मुळातून वाचावा. दीर्घकाळचा ताबा, केलेला खर्च किंवा राजकीय ओळख ही सबब चालणार नाही, असं तो म्हणतो. त्याच वेळी भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारी आदेशाने दिलेली जमीन, किंवा जिथे शाळा-दवाखाना उभा आहे अशी जागा, यांना अपवाद ठेवतो. म्हणजे भूक आणि हाव यांतला फरक न्यायालयाने केला होता. सरसकट नोटिसा निघतात तेव्हा नेमका हाच फरक पुसला जातो.

इकडे गायरानाची गरजही पातळ होत गेली. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, कडबा संपला. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले. ढोरंच कमी झाली, तेव्हा ई-क्लासकडे लक्ष कोण देणार? त्यात जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि मोकळ्या जमिनीकडे बघण्याची नजरच बदलली. आता मोकळी जागा म्हणजे 'वाया गेलेली' जागा. सौर प्रकल्प, गोदाम, घरकुल... मागणारे पुष्कळ, आणि त्यातल्या काहींची गरज अगदी खरी.

म्हणून मला वाटतं, ई-क्लास कधीच कुणाला देऊ नये असा हट्ट धरू नये. वापर बदलायचा तर बदलावा. पण आधी ग्रामसभेत त्या सर्व्हे नंबरचं नाव मोठ्याने वाचलं जावं. कुणाला, किती, कशासाठी हे ज्याची एकच शेळी आहे त्या बाईनेही ऐकावं आणि तिला नाही म्हणता यावं. पूर्वी जागा मोकळी ठेवायची हे गावाने मिळून ठरवलं होतं. ती भरायची असेल तर तेही गावानेच मिळून ठरवायला नको का?