धर्मप्रबोधन, रत्नागिरी जिल्ह्यातील

धर्म, नीती व लोकनेतृत्व यांविषयीच्या रूढ समजुती विवेकाच्या कसोटीवर तपासणे आणि त्या तपासणीतून निघालेला निष्कर्ष स्वतःच्या आचरणात उतरविणे, या प्रक्रियेस प्रबोधन असे म्हणतात. नुसती विद्वत्ता वा नुसते औदार्य म्हणजे प्रबुद्धता नव्हे. पटलेल्या विचाराचे परिणाम सोसण्याची तयारी हे तिचे प्रमुख लक्षण होय. कोकणातील रत्नागिरी जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या प्रक्रियेचे निरनिराळे आविष्कार घडून आले.

या जिल्ह्यातील शेतजमीन बव्हंशी डोंगरउताराची व कमी उत्पन्नाची. तीवर खोती पद्धतीचे वर्चस्व होते. त्यामुळे लष्कर, शिक्षण खाते, वकिली व मुंबईतील रोजगार यांसाठी लोक मोठ्या संख्येने बाहेर पडत. गावात जातीचे व रूढीचे नियम मोडणाऱ्यास बहिष्कार ही शिक्षा असे. बहिष्कृत कुटुंबाला भिक्षुक, नापित व शेजारी या सर्वांचाच आधार तुटे. येथील सुधारकांपैकी बहुतेकांची उपजीविका गावाच्या हाती नव्हती, ही बाब त्यामुळे महत्त्वाची ठरते.

या परंपरेच्या आरंभी गोपाळबाबा वलंगकर (सु. १८४०–१९००) यांचा निर्देश करावा लागतो. ते मूळचे महाडजवळील रावढळ येथील. लष्करातून निवृत्त झाल्यावर ते दापोली येथे राहिले. दापोली हे लष्करी निवृत्तिवेतनधारकांच्या वस्तीचे ठिकाण होते. महात्मा फुले यांच्या विचारांचा वलंगकरांवर प्रभाव होता. विटाळ विध्वंसन (१८८८) या पुस्तिकेत त्यांनी अस्पृश्यतेला आधार कोणता, हे उच्चवर्णीयांना प्रश्न करून विचारले. १८९० च्या सुमारास त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी ही संस्था दापोलीत चालविली आणि महारांची बंद झालेली लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये अर्ज तयार केला. धर्माने ज्यांना बाहेर ठेवले, त्यांच्यापैकीच एकाने धर्माकडे उत्तर मागावे, ही या भागातील नवी घटना होती.

दापोली तालुक्यातीलच मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचे गाव. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर कुमारिकेशी विवाह करण्यास त्यांना रूढीची कोणतीही आडकाठी नव्हती. तथापि पुरुषाला जी मुभा आहे ती विधवेला का नसावी, या प्रश्नाचे समर्थनीय उत्तर न सापडल्याने त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई (पुढे आनंदीबाई) या बालविधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडच्या ग्रामस्थांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्वे त्या वेळी पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत असल्याने त्यांची उपजीविका सुरक्षित होती. बहिष्काराची खरी झळ गावी राहिलेल्या त्यांच्या आईला व भावाला पोहोचली. सुधारकाच्या निर्णयाची किंमत पुष्कळदा त्या निर्णयात सहभागी नसलेल्या आप्तांना द्यावी लागते, हे या प्रसंगातून दिसते. कर्व्यांनी गावाविषयी कटुता न धरता संस्थात्मक कार्याकडे लक्ष वळविले. अनाथ बालिकाश्रम (१८९६) व महिला विद्यापीठ (१९१६) ही त्याची फळे होत. आश्रमाचा लाभ प्रारंभी प्रामुख्याने उच्चवर्णीय स्त्रियांना झाला. ही मर्यादा ओलांडून जातिभेदाच्या प्रश्नास त्यांनी थेट हात घातला तो १९४४ मध्ये समता संघ स्थापून. त्या वेळी त्यांनी वयाची ८५ वर्षे पूर्ण केलेली होती.

चिपळूणजवळील पेढे-परशुराम येथे जन्मलेले व दापोलीस शिकलेले भारतरत्न पांडुरंग वामन काणे (१८८०–१९७२) यांचे कार्य ग्रंथरूप आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत (१९३०–६२) इंग्रजीत लिहिला. त्याची पृष्ठसंख्या सुमारे ६,५०० आहे. शास्त्र अपरिवर्तनीय आहे, हा सनातनी पक्षाचा मुख्य आधार होता. पूर्वी विहित असलेले अनेक आचार ‘कलिवर्ज्य’ ठरवून शास्त्रकारांनीच त्याज्य मानले, हे काण्यांनी वचनांनिशी मांडले. धर्मनियम काळानुसार बदलत आले असतील, तर पुढेही ते बदलता येतात, असा निष्कर्ष त्यातून निघतो. परंपरेचा सखोल अभ्यास हाच येथे परंपरेच्या चिकित्सेचे साधन झाला.

लोकनेतृत्वाच्या दृष्टीने रत्नागिरी शहरातील चळवळ विशेष उल्लेखनीय आहे. विनायक दामोदर सावरकर यांची जानेवारी १९२४ मध्ये तुरुंगातून सुटका झाली ती जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या व राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर. हे निर्बंध १९३७ मध्ये उठले. या काळात त्यांनी शाळांतून सर्व जातींच्या मुलांना सरमिसळ बसविणे, सहभोजने, सर्व हिंदूंसाठी उपाहारगृह (१९३३) असे उपक्रम चालविले. स्पर्शबंदी, रोटीबंदी, बेटीबंदी इ. सात बंदी तोडाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुंबईत बांधकाम व्यवसायात नाव मिळविलेले भंडारी समाजातील दानशूर गृहस्थ भागोजी बाळोजी कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने उभारलेले पतितपावन मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झाले.

या चळवळीच्या मूल्यमापनात मतभेद आहेत. तिने दैनंदिन व्यवहारातील अस्पृश्यतेवर प्रत्यक्ष आघात केला, हे सामान्यतः मान्य केले जाते. मात्र नवे मंदिर बांधल्याने जुन्या मंदिरांची दारे आपोआप उघडली नाहीत. शिवाय सावरकरांची समता हिंदू संघटनाच्या उद्दिष्टाशी निगडित होती, त्यामुळे तिची व्याप्ती त्या समाजापुरती राहिली, असा आक्षेप घेतला जातो.

दुसरी दिशा डॉ. भीमराव आंबेडकर यांनी दाखविली. त्यांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातील. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह (१९२७) हा पाण्यासाठी तितकाच नागरी हक्कासाठी होता. समतेची याचना करावयाची नसून ती हक्क म्हणून मिळवावयाची, ही त्यांची भूमिका होती. १९४७ मध्ये मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आंबेडकरांनी बौद्ध धर्म स्वीकारल्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यातील महार समाजानेही मोठ्या प्रमाणावर तो मार्ग पत्करला. वलंगकरांनी विचारलेल्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर न मिळाल्याने प्रश्न विचारणाऱ्यांच्या वारसांनी अखेर स्वतःच निर्णय घेतला, असे या घटनेचे स्वरूप आहे.

या सर्व प्रयत्नांचे मार्ग भिन्न होते आणि त्यांच्या मर्यादाही वेगवेगळ्या होत्या. निवृत्तिवेतन, प्राध्यापकी, वकिली किंवा मुंबईतील व्यवसाय यांमुळे लाभलेले स्वातंत्र्य त्यांपैकी अनेकांच्या पाठीशी होते. तसे स्वातंत्र्य असलेल्या असंख्य लोकांनी मात्र रूढीच पाळली. म्हणून आर्थिक स्वावलंबन हे प्रबोधनाचे साधन ठरले, तरी त्याचे कारण विवेक व धैर्य यांतच शोधावे लागते. धर्मातील प्रबुद्धतेची कसोटी प्रश्नाला उत्तर देण्याच्या तयारीत, नीतीतील प्रबुद्धतेची कसोटी स्वतःला असलेली मुभा दुसऱ्यालाही देण्यात आणि नेतृत्वातील प्रबुद्धतेची कसोटी उघडलेल्या दारातून शेवटचा मनुष्य आत येतो की नाही यात आहे, असे या जिल्ह्याच्या इतिहासावरून म्हणता येते.