शब्दवेध : मेझे

लेबनॉनमध्ये, विशेषतः झाहले शहरात बर्दौनी नदीकाठी, जेवणाला सुरुवात होते ती मेझेनं. हुम्मूस, मुतब्बल, किब्बे... ताटल्यांनी टेबल भरून जातं. तब्बूलेत दलिया नावापुरता, बारीक चिरलेली पार्सलीच भरपूर. रोटीचा तुकडा मोडायचा आणि सगळ्यांनी त्याच ताटल्यांतून खात तासन्‌तास गप्पा मारायच्या. मेझेचं मूळ फारसी 'मझे', म्हणजे चव. तुर्कीच्या वाटेनं शब्द तिकडे पोचला. आपल्याकडे फारसीतूनच तो 'मजा' होऊन आला. अर्थ आनंदाकडे सरकला, तरी 'आज आमटीत मजा नाही' म्हणताना जुना अर्थ जिभेवर असतोच, आणि मला त्याचंच अप्रूप वाटतं. मेझेसोबतचा, बडीशेपेसारख्या वासाचा अरक नावाचा मद्यप्रकार पाणी पडताच दुधाळ होतो. अरबीत अरक म्हणजे घाम. आपला 'अर्क' त्याच घरचा.