बावडा नेमका कोणता? पंत अमात्य, दफ्तराचे रुमाल आणि संगणकातील फायली

१/ करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट जिथून कोकणात उतरतात, ते गगनबावडा म्हणजे पंत अमात्य बावडेकरांच्या जहागिरीचे ठिकाण. याच घराण्यातील रामचंद्रपंत ‘आज्ञापत्रा’चे कर्ते म्हणून परिचित आहेत. या धाग्यात त्यांची राजनीती नाही. त्यांना कागदांत शोधावे कसे, एवढाच प्रश्न आहे.

२/ कारण हा पुरुष कागदोपत्री एका नावाने भेटत नाही. कुठे रामचंद्र नीळकंठ, कुठे पंत अमात्य, राजाराम महाराजांच्या काळात हुकुमतपनाह. स्थळाची गंमत उलटी: नाव एक, गावे अनेक. गगनबावडा, घाटाखालचे भुईबावडा, कोल्हापूरचे कसबा बावडा, शिवाय इंदापूर तालुक्यातील बावडा. नुसता शब्द शोधला, तर माणूस निसटतो आणि गावे भलतीच हाती लागतात.

३/ दफ्तरखान्यातही हाच पेच होता. कागदाचा संबंध माणसाशी, गावाशी, वसुलाशी, मोहिमेशी. पण बांधला जाणार एकाच रुमालात. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातून निवडलेले ४५ खंड (१९३०-३४) विषयवार लावले, ‘शिवकालीन पत्रसारसंग्रहा’ने कालक्रम पत्करला. दोन्ही मोलाचे, उरलेले संबंध मात्र सूचीच्या भरवशावर.

४/ संगणकातील फोल्डर हा रुमालच. इतिहासाचे विद्यार्थी आता तारखा, नावे जुळवण्यासाठी स्वतः छोटे प्रोग्राम लिहितात आणि वर्षभरात त्यांचेही दफ्तर साचते.

५/ त्यात काय पणाला लागते ते पाहा. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन ११७५. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. एखाद्या प्रोग्रामने सरसकट ५९९ मिळवले, तर फेब्रुवारी १७७५ चे पत्र फेब्रुवारी १७७४ मध्ये जाऊन बसते. तेव्हा सवाई माधवरावांचा जन्मही झालेला नव्हता!

६/ चूक दुरुस्त करणे सोपे. पण त्या रूपांतरावर आणखी कोणकोणत्या फायली विसंबून आहेत? ‘५९९’ शोधून ते कळत नाही, कारण त्या फायलींत हा आकडाच नसतो. त्या फक्त रूपांतराचा प्रोग्राम बोलावतात.

७/ येथे वैयक्तिक नॉलेज ग्राफ उपयोगी पडतो. प्रत्येक फाईल, फंक्शन, सारणी, पत्र, व्यक्ती हा एकेक बिंदू; त्यांना जोडणाऱ्या रेषांना नावे: ‘बोलावते’, ‘वाचते’, ‘चे दुसरे नाव’, ‘येथून लिहिले’. कोणती फाईल कोणाला बोलावते, हे पायथनसारख्या भाषेत प्रोग्रामची रचना वाचून यंत्राला बरेचसे काढता येते. पत्रातला बावडा कोणता, हे मात्र वाचणाऱ्यानेच ठरवायचे आणि त्या रेषेपाशी कारण व आधार नोंदवायचा. शंका असेल तर रेषाही संशयितच ठेवावी. (हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळता येत नाही.)

८/ मग ‘हुकुमतपनाह’ शोधले की रामचंद्र नीळकंठांच्या नावाची पत्रेही समोर येतात, आणि प्रत्येक पत्राची तारीख कोणत्या फायलीने काढली तेही.