‘ठाण्याला पाठवा’ : मनाच्या उपचाराचा इतिहास आणि आपली चळवळ

"याला ठाण्याला पाठवा रे!"

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकले आहे. शाळेत ऐकले, कर्जत लोकलच्या गर्दीत ऐकले, घरातल्या भांडणात ऐकले. ठाणे म्हणजे वेड्यांचे इस्पितळ, एवढेच आपल्याला माहीत. पुण्याकडचे लोक याच अर्थाने येरवड्याचे नाव घेतात. मन दुखले तर त्यावर घराजवळ उपचार होऊ शकतो, कुणाशी तरी बोलून माणूस सावरू शकतो, हे आपल्या भाषेच्या सवयीतच नाही. ही सवय आली कुठून? तिची किंमत कोण चुकवतो?

आम्ही ती किंमत पाहिली आहे. आमचा एक सहकारी होता. चौदा एप्रिलला सर्वांच्या आधी चौकात हजर, माहिती अधिकाराचे अर्ज लिहिण्यात तरबेज, वस्तीतल्या कुणाचेही रेशनकार्ड अडले की हा धावणार. शेवटचे काही महिने त्याला झोप येत नव्हती. तो आम्हाला सांगायचा. आम्ही काय म्हणायचो? "बाबासाहेबांनी किती सोसले आणि तू एवढ्याने खचतोस? चल, मोर्चाला ये, बरे वाटेल." तो मोर्चाला आला. बरे वाटले नाही. एके दिवशी त्याने आपले जीवन संपवले. हा लेख आधी आमच्या चुकीची कबुली आहे, मग इतिहास.

कोंडण्याचा इतिहास

या देशात आधुनिक मानसोपचाराची सुरुवात दवाखान्यापेक्षा तुरुंगाच्या अंगाने झाली. इंग्रजांनी १८५८ साली वेड्यांच्या आश्रयस्थानांचा कायदा केला. पुढे १९१२ चा ‘इंडियन लुनसी ॲक्ट’ आला. या कायद्यांत पोलीस, मॅजिस्ट्रेट आणि भिंती यांना जे स्थान होते, ते रुग्णाच्या म्हणण्याला नव्हते. कुणाला आत टाकायचे आणि कधी सोडायचे, यावर सगळा भर. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. म्हणजे ‘ठाण्याला पाठवा’ या वाक्यामागे सव्वाशे वर्षांची भिंत उभी आहे.

१९१२ चा कायदा जाऊन ‘मेंटल हेल्थ ॲक्ट’ संमत झाला १९८७ साली, आणि तो प्रत्यक्ष लागू व्हायला १९९३ उजाडले. इंग्रज गेल्यावर चार दशकांहून अधिक काळ स्वतंत्र भारताने मनाच्या आजाराकडे इंग्रजांच्याच चष्म्यातून पाहिले.

दोन निर्वासित, एकच न विचारलेला प्रश्न

आता आपल्या पट्ट्याकडे या. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेल्या सुमारे एक लाख माणसांना कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत आणून ठेवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या छावणीचे नाव उल्हासनगर झाले. उल्हास नदीवरून नाव मिळाले खरे, पण बराकीतल्या माणसाच्या मनात उल्हास होता का? सरकारने रेशन दिले, जागा दिली, मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे लिहून घेतले. घर, गाव, शेजार एका रात्रीत गेलेल्या माणसाला झोप लागते का, हे विचारणारा रकाना कुठल्याच अर्जात नव्हता. त्याच सुमारास भारत आणि पाकिस्तान यांनी आपापल्या मनोरुग्णालयांतील रुग्णांची धर्मानुसार अदलाबदल केली. मंटोची ‘टोबा टेक सिंग’ ही कथा याच अदलाबदलीवर आहे. राज्यसंस्थेला मनोरुग्ण आठवला तो वाटणी करायच्या वेळी.

दुसरे निर्वासित आपण. १९७२ च्या दुष्काळात आणि १९७८ च्या नामांतर दंगलीनंतर मराठवाड्यातून मुंबईच्या दिशेने कितीतरी कुटुंबे आली. त्यातली काही याच रेल्वेमार्गालगत, टेकड्यांवर आणि नाल्यांच्या काठी वसली. घर जळताना पाहिलेली पोरे इथल्या कारखान्यांत कामगार झाली. पुढे अंबरनाथच्या विमको आणि धरमसी मोरारजीसारख्या कारखान्यांचे भोंगे बंद पडले, तेव्हा पगाराबरोबर माणसाची ओळखही गेली. बाप दारू पितो एवढेच वस्तीने पाहिले. बाप का पितो, हे विचारायला कोण आले?

सिंधी बराक आणि आपली चाळ शेजारी शेजारी राहिल्या. दोघांच्या जखमेची जात वेगळी, पण दोघांनाही एकच उत्तर मिळाले : विसरा आणि कामाला लागा.

बोलण्याचा उपचार कुणापर्यंत पोहोचला?

गोळी आणि कोंडणे याखेरीज तिसरा मार्ग म्हणजे बोलण्याचा उपचार. प्रशिक्षित माणसासमोर दर आठवड्याला तासभर बसायचे, जे कुणालाच सांगितले नाही ते सांगायचे, आपल्या विचारांचे आणि भावनांचे धागे त्याच्या मदतीने सोडवायचे. भारताला हा मार्ग नवा नाही. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच मनोविश्लेषणाची संस्था काढली होती. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली आणि मराठी मध्यमवर्गाला हा विषय आपलासा वाटू लागला.

पण नाका कामगार, घरकाम करणारी बाई, कंत्राटी सफाई कामगार यांचे काय? बदलापूरहून ठाण्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. खासगी सेशनची फी हा आणखी वेगळा प्रश्न. सरकारचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा पातळीवरचा १९९६ चा. कागदावर चार दशके झाली. आजही वस्तीत विचारा, दहापैकी किती जणांना याची माहिती आहे?

आणि दारापर्यंत पोहोचलेल्याचे काय होते, तेही ऐका. आमच्या ओळखीची एक तरुणी एका समुपदेशकाकडे गेली. ऑफिसात आडनाव कळल्यापासून डबा खाताना तिच्याभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या होत्या. समुपदेशकाने सांगितले, "हा तुमच्या मनाचा समज आहे, जात मध्ये आणू नका." ती पुन्हा गेली नाही. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत माणसाच्या अविवेकी समजुती तपासतात. पद्धत उपयोगी आहे. पण रिकाम्या खुर्च्या हा समज नसतो, ते वास्तव असते. त्या वास्तवालाच अविवेक ठरवणारा उपचार जखमेवर मीठ चोळतो.

फ्रान्झ फॅनन हा कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ १९५३ पासून अल्जीरियातील ब्लिदा येथील रुग्णालयात काम करत होता. वसाहतीच्या गुलामीने ज्यांची मने मोडली, त्यांना बरे करून त्याच गुलामीत परत पाठवायचे, हे त्याला पटेना. त्याने १९५६ साली राजीनामा दिला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली. दोघांनीही ओळखले होते की माणसाला कमी लेखणारी व्यवस्था त्याच्या मनात घर करते, आणि तिला तिथूनही हुसकावावे लागते.

चळवळीलाही एक प्रश्न

बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात १० जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली. प्रत्येक वेळी आपण रस्त्यावर उतरलो आणि ते बरोबरच केले. या मृत्यूंना व्यवस्था जबाबदार आहे, हे आम्ही एक शब्दही मागे न घेता म्हणतो. पण आज जो आपल्यात जिवंत आहे आणि आतून मोडत चालला आहे, त्याच्याजवळ बसायला आपल्यात कोण आहे?

काही कार्यकर्ते म्हणतात, थेरपी हे भांडवली फॅड आहे, प्रश्न सामाजिक असताना उत्तर व्यक्तीत शोधायला लावते. अर्धे खरे आहे. पण टीबीसुद्धा दाट वस्तीमुळे आणि उपासमारीमुळे पसरतो. म्हणून घरांची लढाई जिंकेपर्यंत रुग्णाला औषध द्यायचे नाही का? जखम समाजाने केली, पण ती वाहते एका माणसाच्या छातीत.

आणि बाबासाहेबांचे नाव घेऊन कुणाचे अश्रू दाबू नका. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचा. बडोद्यात पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्या घटनेबद्दल बाबासाहेब अठरा वर्षांनंतर लिहितात की ती आठवली की आजही डोळ्यांत पाणी येते. आपल्या बापाने आपले रडणे जगासमोर लिहून ठेवले, आणि आपण त्याच्याच नावाने पोरांना "रडू नको" सांगतो!

तथागतांनीही तसे सांगितले नव्हते. मेलेले मूल कवटाळून आलेल्या किसागोतमीला त्यांनी हाकलले नाही की वेडी ठरवले नाही. ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, म्हणाले. ती दारोदार फिरली, लोकांशी बोलली, आणि आपले दुःख एकटीचे नाही हे तिचे तिलाच उमगले. आमच्या मते चांगला उपचार असाच असतो.

हक्क म्हणून मागा

‘मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७’ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा त्याने हक्क केला आहे, आणि त्यात जातीवरून भेदभाव करता येणार नाही असे कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायचे, हे कलम ११५ सांगते. हा कायदा वस्तीत वाचून दाखवा.

उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय असो की अंबरनाथ, बदलापूरचे सरकारी दवाखाने, माहिती अधिकारात विचारा : मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक आठवड्यातून किती दिवस, किती तास बसतात? कामगाराला जमेल अशी संध्याकाळची किंवा रविवारची वेळ का नाही? आपल्या शिकलेल्या मुलामुलींना या क्षेत्रात पाठवा. आणि रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक तास असा ठेवा, जिथे भाषण नाही, फक्त ऐकणे. त्याने उपचाराची जागा भरून निघणार नाही, पण उपचाराकडे जाण्याची लाज कमी होईल.

तुम्ही स्वतः किंवा घरातले कुणी आज अशा काळोखात असेल तर थांबू नका. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही आहे.

आमच्या सहकाऱ्याला आम्ही मोर्चाला नेले. त्याच्या शेजारी बसून "बोल, आम्ही ऐकतोय" एवढे म्हटले नाही. तुम्ही म्हणा.

जय भीम! नमो बुद्धाय!