पागोटे उतरले आणि टक्कल दिसू लागले

१६२४ च्या सुमारास फ्रान्सचा राजा तेरावा लुई कृत्रिम केसांचा टोप वापरू लागला. त्याचे वय तेव्हा अवघे तेवीस. केस मात्र झपाट्याने विरळ होत चालले होते. राजाने टोप घातला म्हणून दरबाराने घातला आणि चौदाव्या लुईच्या काळात तर ती युरोपभरच्या सरदारांची रीतच होऊन बसली. त्याच १६२४ साली अहमदनगरजवळच्या भातवडीला मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून मोगल व आदिलशाही फौजांना चिखलात अडकवले आणि मग त्यांचा पराभव केला. शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. या रणांगणावरही ऐन पंचविशीत केस गळू लागलेले तरुण असणारच, कारण हा दोष काही फ्रान्सच्या राजघराण्याची मिरास नव्हे. परंतु लुईपुढचा पेच त्यांच्यापुढे उभा राहिला नाही. डोक्यावर पागोटे होते, आणि पागोट्याखाली बहुतेकांच्या डोक्यावरून मुळातच वस्तरा फिरलेला होता.

केस गळणे पुरातन आहे; केस गळू लागलेल्या तरुणाने काय करावे, हा प्रश्न मात्र महाराष्ट्रात फार तर शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे.

१८८४ साली प्रसिद्ध झालेले अहमदनगर जिल्ह्याचे गॅझेटियर उघडावे. त्यात जातीजातींची वर्णने आहेत आणि पुरुषांविषयी एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येते: शेंडी सोडून डोके भादरतात, मिशा सोडून चेहरा. इंग्रज अधिकाऱ्याला हे नोंदवावेसे वाटले, कारण त्याच्या दृष्टीने ते नवल होते. गावातल्या माणसाला त्यात सांगण्यासारखे काहीच नव्हते. कोणी नुसती शेंडी राखी, कोणी तिच्याभोवती घेरा ठेवी, कोणी संजाप राखी. कपाळाकडचा भाग बहुधा साफच असे. पुरुषाचे टक्कल कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि टाळूवरून सुरू होते. म्हणजे जिथे निसर्ग केस काढून नेतो, नेमके तिथलेच केस नाभिक आधीच काढून टाकी. बलुत्याच्या बदल्यात तो ठरल्या दिवशी घरी येई, आणि ज्याचे केस गळत आहेत तो व ज्याचे गळत नाहीत तो, दोघेही त्याच्या हाताखालून सारखेच होऊन उठत.

शिवाय डोके उघडे ठेवणेच असभ्य मानले जाई. चारचौघांत बोडक्याने येणे म्हणजे एक तर सुतक, नाही तर अपमान. शरण जाणारा आपले पागोटे दुसऱ्याच्या पायांवर ठेवी. इज्जत केसांत नव्हती, पागोट्यात होती.

केस नसण्याला याच जिल्ह्यात आणखी एक, अगदी वेगळी प्रतिष्ठाही होती. १९१३ साली मिरी येथे तेरा वर्षांच्या एका मुलाने जैन दीक्षा घेतली; तेच पुढे आचार्य आनंदऋषीजी झाले. जैन साधू केस कापत नाहीत, ते हाताने उपटतात; त्याला केशलोच म्हणतात. देहाची आसक्ती सुटली याची ती वर्षानुवर्षे द्यावयाची परीक्षा असते. दुसऱ्या टोकाला विधवांचे केशवपन होते, जे कोणतीही स्त्री आपणहून निवडत नव्हती. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. पुरुषांच्या टकलाच्या चर्चेत ही गोष्ट विसरता कामा नये, कारण केसांची खरी किंमत त्या काळी कोणाकडून वसूल केली जात होती हे तिच्यावरून कळते.

या जुन्या व्यवस्थेला तडा गेला तो इंग्रजी शिक्षणाने. शाळा-कॉलेजांतली मुले ‘इंग्रजी केस’ राखू लागली. तोवर झुलपे राखणारा तो छचोर, असा समज होता. आता भांग पाडणारा तो सुशिक्षित ठरू लागला. तरुणापुढचा निर्णय तेव्हा केस वाचवण्याचा नव्हता, शेंडी कापण्याचा होता, आणि तो सोपा नव्हता. मोहनदास गांधी १८८८ साली अठराव्या वर्षी विलायतेला निघाले, तेव्हा उघड्या डोक्यावर शेंडी दिसली तर लोक हसतील या भीतीने त्यांनी ती काढून टाकली. आत्मकथेत त्यांनी हे स्वच्छ सांगितले आहे. ज्या भीतीने आज एखादा तरुण आरशासमोर उभा राहून केस पुढे ओढून घेतो, तीच ही भीती. फक्त तेव्हा लपवायचे होते ते केस होते.

शेंडी गेली, भांग आला, आणि टक्कल प्रथमच उघडे पडले. तरीही काही दशके टोपीने ते सांभाळून घेतले. १९२० नंतर खादीच्या पांढऱ्या टोपीने तर गरीब-श्रीमंत, केसाळ-टकले असे सगळेच एका छत्राखाली घेतले. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. त्यांतल्या दोघांची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पंडित नेहरूंच्या डोक्यावर बहुधा टोपी असते. सरदार पटेल बहुधा उघड्या डोक्याने, तुळतुळीत टकलासह, कॅमेऱ्याकडे बघत असतात. दोघांच्या अधिकारात त्यामुळे काडीचाही फरक पडलेला दिसत नाही. अर्थात दोघेही तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. पंचविशीतल्या मुलाला हे उदाहरण देऊन फारसे समाधान मिळत नाही, हेही खरे.

योगायोग असा की, टकलाचे गूढ उकलले तेही याच वर्षी. १९४२ मध्ये अमेरिकेतील शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. वयात येण्याआधीच ज्यांची वृषणे निकामी झाली होती किंवा काढली गेली होती, अशा पुरुषांना त्यांनी तपासले. त्यांना टक्कल पडत नव्हते. त्यांतल्या काहींना पुरुष संप्रेरक दिल्यावर मात्र, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस गळू लागले. ज्यांच्या घराण्यात नव्हते त्यांचे टिकले. म्हणजे आनुवंशिकता आणि संप्रेरक ही दोन्ही कारणे एकत्र यावी लागतात. टोपीने केस जातात, बोअरच्या पाण्याने जातात, मामाला टक्कल असेल तरच भाच्याला पडते, या समजुती पारावर अजून ऐकू येतात; पैकी मामाच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, कारण आईकडून येणारा वारसा महत्त्वाचा असतो, पण वडिलांकडचाही तितकाच मोजावा लागतो.

आयुर्वेदाने या विकाराला फार पूर्वीच नाव दिले होते. सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्त व खालित्य यांचे वर्णन आहे: वातासह पित्त केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडते आणि मग रक्तासह कफ ती छिद्रे बुजवतो, त्यामुळे नवा केस उगवत नाही. केस उगवण्यासाठी हस्तिदंताची मषी व रसांजन यांचा लेपही सांगितला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गंगाधरशास्त्री गुणे यांनी नगरमध्ये आयुर्वेद शिक्षणाचा पाया घातला, तो याच ग्रंथपरंपरेवर. हस्तिदंत परवडणारा रुग्ण मात्र विरळाच. लोकांच्या घरात माका, ब्राह्मी, जास्वंद घालून कढवलेले खोबरेल होते आणि आजही आहे. त्याने केस मऊ होतात, डोके शांत वाटते. आनुवंशिक टकलावर त्याचा इलाज चालत नाही.

आधुनिक औषधेही आली ती जवळजवळ आडवाटेने. मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवू लागले, तेव्हा तिचे डोक्याला लावण्याचे औषध करण्यात आले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फिनॅस्टेराइड पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीसाठी होते. कमी मात्रेत टकलावर वापरण्यास १९९७ मध्ये परवानगी मिळाली. दोन्ही औषधे उरलेले केस राखण्यात अधिक उपयोगी, आणि चालू आहेत तोवरच. थांबवली की काही महिन्यांत कमाई परत जाते. फिनॅस्टेराइडने काही थोड्या पुरुषांत कामेच्छेवर परिणाम होतो, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचे नसते. केशरोपणाचे तत्त्व न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडले: मागच्या बाजूचा केस पुढे लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही. आज शहराशहरांत होणारी शस्त्रक्रिया याच वाक्यावर उभी आहे.

या सगळ्याच्या भोवती बाजार उभा राहिला. भारताच्या १९४५ च्या औषध नियमांना एक अनुसूची ‘जे’ जोडलेली आहे. जे विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, त्यांची ती यादी. त्यात कर्करोग आहे, अंधत्व आहे, आणि टक्कलही आहे. असे असूनही लग्न ठरण्याआधी केस यावेत म्हणून हजारो रुपये तेलांत आणि चूर्णांत घालणारे तरुण कमी नाहीत. स्थळ पाहायला आलेल्यांसमोर आता पागोटे नसते, टोपीही नसते. भ्रमणध्वनीवर आधीच पोचलेले छायाचित्र असते.

उरतो तो सर्वांत जुना उपाय: वस्तरा. जगभरातले तरुण विरळ केस झाकत बसण्यापेक्षा डोके सरळ भादरून टाकू लागले आहेत. नगर जिल्ह्यातल्या गावात मात्र त्याला एक अडचण येते. पणजोबांच्या काळी जो साऱ्या गावाचा नित्याचा वेश होता, तो आता केवळ दशक्रियेच्या दिवशी दिसतो, गोटा करून कोणी एसटीतून उतरला की पहिला प्रश्न येतो, “घरात कोण गेलं?” म्हणून बरेच जण सलूनमध्ये वस्तरा टाळून यंत्राने ‘झिरो’ मारून घेतात आणि दाढी-मिशा ठेवतात. सुतकात मिशाही उतरवतात, हे सर्वांना ठाऊक असते. ओठावरच्या मिशा पाहिल्या की विचारणारा गप्प बसतो.