टेलिफोटो भिंगे, जुनी व दुर्मिळ

दूरच्या वस्तूची मोठी प्रतिमा मिळावी आणि तरीही कॅमेऱ्याची लांबी आटोक्यात राहावी, या हेतूने रचलेल्या भिंगसंहतीला टेलिफोटो भिंग म्हणतात. दूरस्थ वस्तूच्या प्रतिमेचा आकार भिंगाच्या केंद्रांतराच्या सम प्रमाणात असतो. ५० मिमी. केंद्रांतराच्या नेहमीच्या भिंगाने घेतलेल्या छायाचित्रात पूर्ण चंद्राची प्रतिमा जेमतेम अर्धा मिमी. व्यासाची येते, ५०० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने ती सु. साडेचार मिमी. होते. परंतु साधे बहिर्गोल भिंग वापरल्यास त्यासाठी ते फिल्मच्या पुढे अर्ध्या मीटरवर धरावे लागते. टेलिफोटो भिंगात पुढील अभिसारी गटामागे काही अंतरावर एक अपसारी गट बसविलेला असतो. त्यामुळे एकत्र येऊ पाहणारे किरण अधिक सावकाश एकत्र येतात, संहतीचे मुख्य प्रतल पुढे सरकते आणि भिंगाची प्रत्यक्ष लांबी केंद्रांतरापेक्षा कमी राहते. व्यवहारात लांब केंद्रांतराच्या कोणत्याही भिंगाला सरसकट टेलिफोटो म्हटले जाते. ते शास्त्रीय दृष्ट्या बरोबर नाही. तथापि संग्राहकांच्या जगात ही सरमिसळ इतकी रुळलेली आहे की, पुढील विवेचनात दोन्ही प्रकारांचा एकत्रच विचार केला आहे.

बहिर्गोल व अंतर्गोल भिंगांच्या योग्य जोडीने पडद्यावर अधिक मोठी प्रतिमा पाडता येते, हे योहानेस केप्लर यांनी १६११ मध्ये आपल्या प्रकाशकीवरील ग्रंथात दाखविले होते. दूरदर्शकासाठी याच तत्त्वाचा उपयोग इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८३० नंतरच्या काही वर्षांत केला. छायाचित्रणाला मात्र त्यासाठी शतकाच्या अखेरपर्यंत थांबावे लागले. १८९१ मध्ये लंडनचे टॉमस रूडॉल्फस डालमायर, म्यूनिकचे आडोल्फ श्टाइनहाइल आणि जर्मनीतीलच आडोल्फ मीटे या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे टेलिफोटो भिंगे तयार केली. अग्रमानाविषयी साहजिकच वाद झाला. तिघांच्याही हाती तत्त्व जुनेच होते. नवी होती ती गरज. जिलेटिनी कोरड्या पट्टिका आल्यामुळे उद्भासनाचा काळ कमी झाला होता आणि मंद भिंगही आता उपयोगी पडू शकत होते. डालमायर यांनी १८९९ मध्ये या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले व त्यामुळे इंग्रजी वाचकवर्गात त्यांचेच नाव पुढे राहिले. मीटे पुढे बर्लिनमध्ये प्राध्यापक झाले आणि त्रिरंगी छायाचित्रणाचे एक प्रवर्तक म्हणून अधिक ओळखले गेले.

ही पहिली भिंगे म्हणजे वस्तुतः नेहमीच्या भिंगामागे लावावयाची जोडसाधने होती. पितळी नळीतील दंतचक्र फिरवून दोन गटांमधील अंतर बदलता येई व त्याबरोबर वर्धनही बदले. वर्धन वाढले की प्रकाश झपाट्याने कमी होई, त्यामुळे हलत्या वस्तूंसाठी ती निरुपयोगी होती. दूरचे मनोरे, पर्वतशिखरे, बंदरात नांगरलेली जहाजे हेच त्यांचे विषय. आज पितळी नळीची डालमायर भिंगे संग्राहकांना विशेष प्रिय आहेत. मात्र पुढील व मागील गट मूळचेच एकमेकांचे आहेत की कोणी नंतर जुळविले, हे तपासणे जिकिरीचे असते. ठरावीक केंद्रांतराची, एकजीव टेलिफोटो भिंगे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आली. राटेनो येथील एमिल बुश कंपनीचे ‘बिस-टेलार’ हे त्यांतील आरंभीचे नाव होय. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये डालमायर कंपनीचे ‘डॅलन’ व लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉबसन कंपनीची कुक भिंगे प्रसिद्धीस आली.

या भिंगाने काय साधले याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण एव्हरेस्टचे आहे. १९२२ व १९२४ च्या ब्रिटिश मोहिमांत जॉन नोएल हे छायाचित्रकार सहभागी होते. त्यांनी चलच्चित्र-कॅमेऱ्याला २० इंची (सु. ५०८ मिमी.) कुक टेलिफोटो भिंग जोडले होते. स्वतः शिखराकडे न जाता खालच्या टप्प्यावरून चढाईचे चित्रण करावयाचे, अशी त्यांची योजना होती. ८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी व अँड्र्यू अर्व्हिन शिखराच्या दिशेने गेले आणि परत आले नाहीत. त्यानंतर उत्तर खिंडीतील छावणीतून खाली ठरलेली खूण करण्यात आली. बर्फावर सहा घोंगड्या क्रूसाच्या आकारात मांडल्या गेल्या आणि ती खूण खालच्या मंडळींनी दूरवरून वाचली. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या ‘द एपिक ऑफ एव्हरेस्ट’ या चित्रपटात हे दृश्य आहे. त्याची पुनःसंस्कारित प्रत २०१३ मध्ये पुढे आली. ज्या भिंगाने विजय टिपावयाचा, त्याने मृत्यूची वार्ता टिपली. आज दुर्मिळ भिंगांची किंमत ठरविताना अनुक्रमांक व पेटी पाहिली जाते. नोएल यांच्या भिंगाचे मोल मात्र त्या काही फूट फिल्ममध्ये आहे.

छोट्या फिल्मच्या कॅमेऱ्यांबरोबर १९३० नंतर वेगळीच अडचण उभी राहिली. लायका व काँटॅक्स यांच्या अंतरमापकाची अचूकता लांब केंद्रांतराला पुरेना. लायट्स कंपनीने १९३५ मध्ये २०० मिमी. ‘टेलीट’ भिंगासोबत आरशाची पेटी दिली. ती कॅमेऱ्यासमोर बसविली की भिंगातूनच दृश्य पाहता येई. त्साइस कंपनीसाठी लूटव्हिग बेर्टेले यांनी अभिकल्पिलेले १८० मिमी., एफ/२.८ ‘झोनार’ हे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिक क्रीडासामन्यांच्या निमित्ताने आले व ‘ऑलिंपिया झोनार’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. त्या काळी एवढ्या केंद्रांतराला एफ/२.८ इतका प्रकाश ही असाधारण गोष्ट होती. काँटॅक्सच्या अंतरमापकाला थेट जोडलेला त्याचा प्रारंभिक नमुना आज फारच विरळा आहे. नंतरचे नमुने आरशाच्या पेटीसाठी होते. त्याच सामन्यांत दूरचित्रवाणीसाठी लांबलचक नळीचे कॅमेरे मैदानावर बसविण्यात आले. लोकांनी त्यांना ‘तोफ’ म्हटले. या भिंगांच्या गुणांची जाहिरात राज्यसत्तेच्या प्रचाराशी कशी जोडली गेली, याचे स्मरण संग्राहकांच्या याद्यांत सहसा नसते.

दुसऱ्या महायुद्धात टेहळणीसाठी लांब केंद्रांतराची भिंगे मोठ्या संख्येने बनली. ब्रिटिश विमानांतील कॅमेऱ्यांत ३६ इंची (सु. ९१ सेंमी.) भिंगे असत. युद्धानंतर असे साहित्य शिलकी माल म्हणून स्वस्तात विकले गेले आणि हौशी मंडळींनी ते लाकडी पेट्यांत बसवून पक्षी व चंद्र टिपले. जुन्या टेलिफोटो भिंगांच्या छंदाचे एक मूळ या भंगार बाजारात आहे. जर्मनीच्या फाळणीने त्साइसचेही दोन भाग झाले. नावाच्या हक्काच्या तंट्यामुळे येनाच्या कारखान्याला पश्चिमेकडील काही देशांत ‘झोनार’ हे नाव वापरता येईना; अशा निर्यात भिंगांवर केवळ ‘एस’ हे अक्षर व ‘येनाहून’ असा उल्लेख आढळतो. एकच भिंग दोन नावांनी का दिसते, या नवख्यांच्या गोंधळाचे उत्तर असे राजकीय आहे.

याच काळात म्यूनिकच्या हाइन्ट्स किलफिट यांची ‘फेर्न-किलार’ भिंगे नावाजली. १९५४ च्या ‘रिअर विंडो’ या हिचकॉक यांच्या चित्रपटात पाय मोडलेला नायक ज्या भिंगाने शेजाऱ्यांच्या खिडक्या न्याहाळतो, ते ४०० मिमी. किलफिटच होय. शेजाऱ्याच्या खाजगीपणावर हे भिंग कसे अतिक्रमण करते, हा प्रश्न त्या चित्रपटाने उपस्थित केला व तो अद्याप सुटलेला नाही. सोव्हिएट संघात ३०० मिमी. ‘ताइर-३’ भिंग बंदुकीच्या दस्त्यावर बसवून ‘फोटोस्नायपर’ हा संच तयार करण्यात आला. चाप ओढला की झेनिट कॅमेऱ्याचा झडप-पडदा सुटे. संच हातात स्थिर राहतो यात शंका नाही. परंतु गर्दीच्या जागी तो बाहेर काढण्यापूर्वी विचार करावा. द्मीत्री माक्सूतोव्ह यांनी १९४१ मध्ये योजलेल्या, आरसा व वक्र काच यांच्या संहतीवर आधारित ‘एमटीओ’ भिंगेही याच देशातील. आरशामुळे वर्णविपथन जवळजवळ नाहीसे होते व नळी आखूड होते. मात्र मध्यभागी दुय्यम आरसा असल्याने पार्श्वभूमीतील प्रकाशबिंदू कड्यांसारखे उमटतात, शिवाय छिद्र लहान-मोठे करण्याची सोय नसते.

लांब केंद्रांतराचा खरा शत्रू वर्णविपथन हाच आहे. सामान्य काचांनी दोन रंग एकत्र आणता येतात, तिसरा सुटतो आणि केंद्रांतराबरोबर हा दोष वाढत जातो. फ्ल्युओराइट या खनिजाचे अपस्करण फार कमी असल्याने सूक्ष्मदर्शकात त्याचा उपयोग पूर्वीपासून होता. पण कॅमेऱ्यासाठी पुरेसे मोठे व निर्दोष स्फटिक निसर्गात मिळत नाहीत. जपानच्या कॅनन कंपनीने ते कृत्रिम रीत्या वाढवून १९६९ मध्ये ३०० मिमी. फ्ल्युओराइट भिंग बाजारात आणले. निप्पॉन कोगाकू (१९८८ पासून निकॉन) कंपनीने अल्प अपस्करणाच्या काचेचा मार्ग धरला. तिचे ३०० मिमी., एफ/२.८ भिंग १९७२ च्या साप्पोरो हिवाळी ऑलिंपिकमध्ये छायाचित्रकारांच्या हाती पडले. लायट्सचे १८० मिमी. ‘आपो-टेलीट’ (१९७५) व्हाल्टर मांडलर यांनी कॅनडात मूलतः अमेरिकन नौदलाच्या गरजेसाठी अभिकल्पिले होते. ते आजही तुलनेने हलके व अत्यंत रेखीव आहे आणि संग्रहापेक्षा वापरासाठी घेण्याजोगे आहे.

येथून पुढे दुर्मिळतेला अवाढव्यतेची जोड मिळाली. निकॉनचे २,००० मिमी. आरसायुक्त भिंग सु. १७.५ किग्रॅ. वजनाचे आहे. १९९३ मध्ये आलेले कॅननचे १,२०० मिमी., एफ/५.६ भिंग १६.५ किग्रॅ. भरते, ते मागणीनुसारच बनविले जाई व त्यासाठी मोठे फ्ल्युओराइट स्फटिक वाढविण्यास दीर्घ काळ लागे. त्याचा एक नमुना २०२१ मध्ये जर्मनीतील व्हेट्सलार येथील लिलावात ५ लाख यूरोंना विकला गेला. कातारचे शेख सौद बिन मोहम्मद अल थानी यांच्यासाठी लायका कंपनीने सु. ६० किग्रॅ. वजनाचे १,६०० मिमी. भिंग बनविले, त्याची किंमत २० लाख डॉलरांच्या घरात होती. त्साइसने २००६ मध्ये प्रदर्शित केलेले १,७०० मिमी. भिंग तर २५६ किग्रॅ. वजनाचे होते. अशा वस्तूंनी घेतलेली छायाचित्रे कोणाच्या पाहण्यात नाहीत, त्यांच्या वजनाचे आकडे मात्र सर्वांना पाठ आहेत. छायाचित्रणाच्या इतिहासात त्यांचे स्थान त्यामुळे संशयास्पद राहते.

याच्या नेमके उलट उदाहरण मद्रासचे निसर्गलेखक एम्. कृष्णन (१९१२–९६) यांचे आहे. परदेशी साहित्य आयात निर्बंधांमुळे दुर्लभ व महाग होते. निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग आणि लांब भिंग एकत्र जुळवून त्यांनी स्वतःचे अवजड यंत्र तयार केले व त्याला थट्टेने ‘सुपर पाँडेरोसा’ असे नाव दिले. त्याने त्यांनी भारतीय हत्ती, गवे व हरणे यांची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. संग्राहकाच्या दृष्टीने हे यंत्र म्हणजे मोडतोड होय, कारण त्यातील एकही भाग मूळ स्थितीत नाही.

जुन्या भिंगांचा वापर २००८ नंतर पुन्हा वाढला, त्याचे कारण यांत्रिक आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर सामान्यतः ४४ ते ४७ मिमी. असते. आरसा नसलेल्या अंकीय कॅमेऱ्यांत ते २० मिमी.च्या आसपास असल्याने उरलेली जागा भरून काढणारी पोकळ नळी लावली की जवळजवळ कोणतेही जुने भिंग बसते. छिद्र बारीक केल्यावर अंधारणारे दृश्य विद्युत् दर्शिकेत उजळ दिसते, केंद्रीकरण हाताने बिनचूक साधता येते आणि कंपन कमी करणारी योजना कॅमेऱ्यातच असते. त्यामुळे पूर्वी अडगळीत पडलेल्या भिंगांच्या किंमती वाढल्या. मुंबईच्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी जुन्या मालात अशी भिंगे शोधणारे तरुण दिसू लागले, तर गुरुग्राम येथे २०१९ मध्ये ‘म्यूझिओ कॅमेरा’ हे संग्रहालय सुरू झाले.

जुन्या भिंगाकडून चांगले काम घ्यावयाचे तर वेळ निवडावी लागते. तापलेल्या जमिनीवरील हवा हलू लागली की उत्तम भिंगाचीही प्रतिमा थरथरते. म्हणून दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात काम सकाळी लवकर उरकावे. छिद्र एक-दोन टप्पे बारीक केल्यास कडांवरील जांभळी झालर बरीच कमी होते. कृष्णधवल छायाचित्रणात पिवळा वा तांबडा गाळक लावल्यास धुरकटपणाही कमी होतो. तिपाईचा आधार कॅमेऱ्याला नव्हे, तर भिंगाच्या नळीला द्यावा. दूरचे डोंगर एकावर एक चिकटल्यासारखे दिसतात, तो भिंगाचा गुण नसून अंतराचा आहे. त्याच जागेवरून साध्या भिंगाने घेतलेल्या चित्राचा मधला भाग मोठा केला, तरी तोच परिणाम दिसतो.

खरेदी करताना नळीत विजेरीचा झोत टाकून पाहावे. दोन भिंगे चिकटविणारा कॅनडा बाल्सम सुटला असल्यास इंद्रधनुषी डाग दिसतात. कोकण व मुंबईच्या दमट हवेत त्याहून मोठा धोका बुरशीचा असतो. तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू प्रथम परावर्तनरोधी लेपावर पसरतात व पुढे काचच कोरतात. त्यानंतर साफसफाईचा उपयोग होत नाही. चामड्याच्या मूळ पेटीत ओल धरून राहते. संग्राहक जिच्यासाठी जादा पैसे मोजतो, ती पेटीच पुष्कळदा भिंगाचा नाश करते. पावसाळ्यात भिंग पेटीबाहेर काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे आणि ऊन पडेल त्या दिवशी थोडा वेळ उजेडात आणावे. नियमित वापरात असलेल्या भिंगांना बुरशीचा उपद्रव सहसा कमी होतो.